ट्राममधली अक्षरं

दोह्याजवळच्या मुऐदरच्या मळ्यात ट्राम उतरवली त्या दिवशी क्रेनवाल्याला वाटलं, कोंबड्यांचं खुराडं आलंय. त्याचं तसं काही चुकलं नव्हतं. मुंबईतल्या ट्राम बंद पडल्यावर या डब्याची चाकं, मोटर, होतं नव्हतं ते लोखंड भंगारवाल्याने काढून नेलं होतं. उरलेलं सागवानी धड पनवेलजवळच्या एका मिठागरावर सतरा वर्षं मुकादमाची खोली म्हणून उभं होतं. कुणी त्याला आतून चुना फासला होता, कुणी त्यावर निळा ऑइलपेंट, कुणी हिरवा. एका अंगाला खिडक्यांच्या जागी पत्रे ठोकलेले. असा तो डबा १९८१च्या डिसेंबरात बोटीने दोह्याला आला आणि ट्रेलरवर चढून मळ्यातल्या नव्या शेडमध्ये येऊन बसला.

महिपती मिस्त्रीने भोवती एक फेरी मारली, ठिकठिकाणी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं आणि मनाशी हिशेब बांधला. खालची चौकट सडली आहे, खांब चांगले आहेत, छप्पर नवं घालावं लागेल. दोन महिन्यांचं काम. महिपती कोरेगाव तालुक्यातला, घरातला धंदा सुतारकीचा. आठ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधून तो कतारला आला होता आणि सहा वर्षांत एका बांधकाम कंपनीच्या सुतारखात्याचा फोरमन झाला होता. लाकूड त्याला कळायचं. आपल्याला ते कळतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्रामचे मालक अबूबकरसाहेब साठीला आलेले कतरी गृहस्थ. वडील मोत्यांचे व्यापारी. तेल निघण्याआधीच्या काळात मोती विकायला मुंबईला जायचे आणि धाकट्या मुलाला सोबत न्यायचे. अबूबकरसाहेबांची लहानपणची सात वर्षं भेंडीबाजारात गेली होती. त्यामुळे त्यांचं हिंदी अस्सल मुंबईचं होतं. जुन्या गाड्यांचं एक छोटं म्युझियम काढायचं त्यांच्या मनात होतं. एक जुनी लॉरी आणि दोन लाकडी होड्या आधीच शेडमध्ये होत्या. पण त्यांचा जीव होता तो ट्राममध्ये. वडिलांचं बोट धरून ते ज्या ट्राममधून फिरले, तसली एक त्यांना हवी होती, आणि ती शोधायला त्यांनी मुंबईत माणूस ठेवला होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी महिपतीला बजावलं, "मिस्त्री, मेरे को नई ट्राम नहीं मंगता. मेरे को वोइच ट्राम मंगता. समझा क्या?"

"समझ गया साहब," महिपती म्हणाला. त्याला वाटलं, समजलं.

ट्रामचं काम साहेबांनी महिपतीच्या कंपनीला दिलं होतं. रंगाच्या कामाला कंपनीने जहूरभाईंना दिलं. जहूरभाई दापोलीकडच्या खाडीकाठचे, अठ्ठावन्न वर्षांचे, बारीक चणीचे. कंपनीत ते पाट्या रंगवायचे. 'आत येऊ नये', 'हेल्मेट घाला', अरबी आणि इंग्रजीतून. पण तरुणपणी ते मुंबईच्या ट्राम वर्कशॉपातच रंगारी होते, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं. डबा पाहून ते आत चढले, बाकांच्या वरच्या फळीवर तळवा ठेवला आणि हळूच नख फिरवत राहिले.

"महिपती, इकडं ये. बोट दे तुझं," ते म्हणाले. "लागतंय काय?"

हिरव्या रंगाखाली अगदी बारीक कड लागत होती.

"अक्षर आहे. खाली पाटी आहे. चार भाषांतली असायची. इंग्रजी, मराठी, गुजराती, उर्दू. धावत्या गाडीतून उतरू नये. थुंकू नये. आमचे उस्ताद लिवायचे. नंतर मी लिवायचो."

दुसऱ्या दिवसापासून जहूरभाईंनी ते काम सुरू केलं. कापसाचा बोळा, थिनर, एक बोथट पात्याची सुरी. तळहाताएवढी जागा साफ करायला सबंध सकाळ जायची. आधी हिरवा निघायचा, मग निळा, मग चुना, आणि त्याखालून पिवळसर जमिनीवर तांबडं अक्षर डोकं काढायचं. आठ दिवसांत 'धावत्या' एवढा शब्द निघाला. 'ध'ची गाठ पाहून जहूरभाई म्हणाले, "उस्तादांचा हात आहे. माझा ध असा येत नव्हता."

अबूबकरसाहेब आले, त्यांनी तो शब्द पाहिला, मराठी वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "चाचा, टाइम लगने दो."

हे सांगून ते दीड महिन्यासाठी कामानिमित्त लंडनला गेले. आणि इकडे कंपनीच्या ऑफिसातून मॅनेजर सुरेश सावंतांनी महिपतीला बोलावून सांगितलं, "पंधरा मार्चला उद्घाटन आहे. पाहुणे बोलावलेत. चौदाला मला गाडी तयार पाहिजे. त्यानंतर तुझी रजा."

रजेसाठी महिपतीचा जीव टांगणीला लागला होता. थोरल्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बायकोची, अंजनाची दोन पत्रं आली होती. दोन्हींत एकच ओळ, नक्की कधी येताय ते कळवा. चौकट झाली होती, छप्पर झालं होतं, पाठ इकडून तिकडे फिरवून उलटे होणारे बाक तसेच्या तसे बसवले होते. अडलं होतं ते फक्त आतल्या रंगाशी, आणि जहूरभाई कापसाचा बोळा घेऊन तिथे बसले होते.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ही गोष्ट दोह्यात फक्त महिपतीला माहीत होती. अल नस्र भागातल्या कंपनीच्या खोलीत दोघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. एकदा चहा पिताना जहूरभाईंनीच सांगितलं होतं, "कुणाला बोलू नको. व्हिसा रिन्यू करताना डॉक्टर बघतो. अजून दोन वर्षं काढायची आहेत." रंग कालवताना ते डबा महिपतीपुढे धरायचे आणि विचारायचे, "जास्त पिवळा झालाय काय?" महिपती सांगायचा. यात त्याला आपुलकी वाटायची आणि थोडा मोठेपणाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जहूरभाईंना ताप आला आणि ते तीन दिवस खोलीवर पडून होते. पगार कापला जाऊ नये म्हणून महिपतीने हजेरीपटावर त्यांना हजर दाखवलं. महिपतीने पहिला दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टोअरमधून लाकूड घासायचा विजेचा सँडर मागवला.

हे करताना आपण काही वाईट करतो आहोत असं त्याला वाटलं नाही, ही गोष्ट खरी. उलट वाटलं, म्हाताऱ्याचे श्रम वाचवतोय. अक्षरं काय, पुन्हा लिहिता येतील. सागवान उघडं झालं की त्यावर कोरा रंग चढवू, झकास दिसेल. त्याने आधी कॉस्टिक सोडा लावला, रंगाचे पापुद्रे सुटले, मग सँडर फिरवला. दुपारपर्यंत आतलं सगळं लाकूड मधासारखं निघालं. तोवर निघालेल्या ओळीतल्या 'धावत्या' या शब्दापाशी आल्यावर मात्र त्याचा हात थांबला होता. थांबला होता आणि मग पुढे गेला होता. पुढे कितीतरी वर्षं त्याला आठवत राहिलं ते हेच. त्याला समजलं नव्हतं असं नाही. त्या एका क्षणापुरतं समजलं होतं.

चौथ्या दिवशी जहूरभाई कामावर आले. पायरीवर चढले, आत पाहिलं. त्यांना आधी नीट दिसलं नसावं, कारण त्यांनी फळीवर तळवा ठेवला आणि नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते पायरीवर येऊन बसले.

"जहूरभाई, दिवस नव्हते हो," महिपती म्हणाला. "तुम्ही पुन्हा लिहा ना. तुमच्यासारखं कोण लिहिणार?"

जहूरभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसून राहिले.

अबूबकरसाहेब दुसऱ्याच दिवशी लंडनहून परतले आणि थेट मळ्यावर आले. बरोबर हॉल नावाचा एक इंग्रज इंजिनिअर होता. दोह्यातल्याच एका बांधकाम कंपनीत नोकरीला, पण दरवर्षीच्या सुट्टीत आपल्या गावाकडच्या ट्राम म्युझियममध्ये फुकट राबणारा माणूस. साहेबांनी त्याला ती अक्षरं दाखवायला आणलं होतं. दोघे आत चढले. बाहेर महिपती, जहूरभाई आणि सुरेश सावंत उभे होते.

मग साहेब दारात आले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, काहीतरी हरवल्यासारखा होता.

"ये किसने किया?"

महिपतीला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर आपण सांगू. साहेब, वेळ नव्हता, मी केलं. वाक्य तयार होतं. पण तोंड उघडलं आणि निघालं ते दुसरंच.

"साहब, अंदर का रंग का काम तो जहूरभाई के पास था."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सगळ्यांनी जहूरभाईंकडे पाहिलं. जहूरभाईंनी महिपतीकडे पाहिलं. ते आता बोलतील, असं महिपतीला वाटलं. पण ते बोलले नाहीत. मान खाली घातली नाही, हात जोडले नाहीत, नुसते पाहत राहिले.

"चाचा, तुमने?" साहेबांनी विचारलं. "तुमने तो खुद बोला था, उस्ताद का हाथ है."

जहूरभाईंची नजर महिपतीवरून हलली नाही. हॉलने टोपी हातात घेतली होती. तो इंग्रजीत हळू आवाजात काहीतरी म्हणाला, त्यातलं महिपतीला एवढंच कळलं की मोडलेलं बसवता येतं, पुसलेलं आणता येत नाही.

प्रकरण तिथेही थांबलं असतं. संध्याकाळी सावंतांनी महिपतीला ऑफिसात बोलावलं. सावंत माणूस वाईट नव्हता. त्यांना पटत नव्हतं. "महिपती, आठ दिवस एक शब्द सोडवत बसलेला माणूस असं मशीन का फिरवेल? काहीतरी गडबड आहे."

इथे महिपतीला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. सावंतांनी दार उघडं करून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. महिपतीने लग्नाचा विचार केला, रजेचा केला, फोरमनकीचा केला, आणि तो म्हणाला, "साहेब, कुणाला सांगू नका. त्यांना नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे."

दुसऱ्या दिवशी कंपनीने जहूरभाईंचे डोळे तपासायला नेले. त्या आठवड्याअखेर त्यांचा व्हिसा रद्द झाला. खलास. खोलीवर ते आपली ट्रंक भरत होते तेव्हा महिपती कामावरून मुद्दाम उशिरा आला. तरी गाठ पडलीच. जहूरभाई ट्रंकेला दोरी बांधत होते. गाठ सापडत नव्हती. महिपती पुढे झाला, तर त्यांनी दोरी आपल्याकडे ओढून घेतली आणि चाचपत चाचपत स्वतःच बांधली.

उद्घाटन पंधरालाच झालं. पाट्या लिहायला बाजारातला एक मल्याळी पेंटर आणला. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठीचा नमुना महिपतीने कागदावर लिहून दिला. सातवी शिकलेल्या सुताराचं अक्षर जसं असतं तसं ते होतं. पेंटरने ते इमानाने मोठं करून फळीवर उतरवलं. पाहुण्यांनी गाडी पाहिली, वाहवा केली. साहेबांनी महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "लकड़ी का पूरा काम इसका है." हॉल पाहुण्यांत होता. पाट्यांपाशी तो आला, आणि न थांबता पुढे गेला.

लग्नाला महिपती वेळेवर पोचला. मांडव झाला, पंगती उठल्या, लेक सासरी गेली. लोक म्हणाले, बाप लेकीसाठी रडतोय. तो रडत होता हे खरं, कशासाठी ते त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. चार दिवसांनी अंजनाने विचारलं, "तिकडं काही झालंय का? जेवताना हात थांबतोय तुमचा."

त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना वाटलं, ही म्हणेल, जाऊ द्या, लेकीसाठी केलंत. अंजनाने ऐकून घेतलं, परकराची दुमडलेली घडी पुन्हा उलगडून घातली आणि म्हणाली, "पोरीचं नाव नका घेऊ यात. तिनं नव्हतं सांगितलं." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांचं गाव ठाऊक आहे ना तुम्हाला?"

तीन एस.टी. बदलून तो दापोलीकडे गेला. घर खाडीपासून थोडं वर होतं. जहूरभाई ओटीवर बसले होते, एका डोळ्याला हिरवी पट्टी. मुंबईत ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी त्याला ओळखलं.

"मुनीरा, पाणी आण," ते आत बघून म्हणाले. "कतारचे फोरमन आलेत."

मुनीराभाभींनी पाणी आणलं, मग घावन आणि नारळाचा रस. त्या म्हणाल्या, "हे तुमचं नाव काढतात. डोळे बिघडले म्हणून स्वतःच सोडून आले म्हणे. बरं झालं आले, वेळेवर ऑपरेशन झालं." महिपतीने हातातला घास ताटात ठेवला. यांनी घरात काहीच सांगितलं नव्हतं.

भाभी आत गेल्यावर तो म्हणाला, "जहूरभाई, मी माफी मागायला आलोय."

"हां."

"माझ्याकडून चूक झाली."

"चूक सँडर फिरवलास ती. ती चूक," जहूरभाई म्हणाले. "त्याच्यानंतरचं चूक नाय."

महिपतीने ताट बाजूला सरकवलं.

"मी तुला वाचवलं असं समजू नको. लोक तसं समजतात, गप्प बसणारा भला माणूस. मी भलेपणाने गप्प नव्हतो. इतका संताप आला होता की जीभ उचलेना. आणि बोललो असतो तर कोणी ऐकलं असतं? तू फोरमन. मी पाट्या रंगवणारा." ते थांबले. "डोळ्याचं तू सांगितलंस, हे मला दवाखान्यात कळलं. तिथल्या नर्सनं फाइल वाचली. ते मला जास्त लागलं."

"मी काय करू, सांगा."

"मला कशाला सांगायला आलास? मला तर सगळं माहीत आहे. ज्याला माहीत नाय त्याला सांग."

निघताना त्यांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं नाही. ओटीवरूनच "खुदा हाफिज" म्हणाले.

महिपती कतारला परतला तो सांगायचं ठरवूनच. पण जूनमध्ये साहेब बाहेरगावी होते. जुलैत उन्हाने शेड तापलेली, कुणी मळ्यावर येत नव्हतं. रमजान उलटला की ऑगस्टमध्ये बोलू असं त्याने ठरवलं होतं, आणि ऑगस्टही गेला. प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं. थंडी सुरू झाली तसे शुक्रवारी मळ्यावर पाहुणे येऊ लागले, आणि गाडी दाखवताना बाक उलटे करून दाखवायला साहेब महिपतीला बोलावू लागले.

साहेबांना गोष्ट सांगायची हौस होती. ट्राम कुठे सापडली, बोटीवर कशी चढवली, हे सांगून झालं की ते पाट्यांकडे बोट दाखवत आणि म्हणत, यहाँ असली अक्षर थे. एक बूढ़ा पेंटर था, आधा अंधा. खुद के उस्ताद का लिखा हुआ मशीन से साफ कर दिया! पहिल्या-पहिल्यांदा सांगताना त्यांच्या आवाजात दुःख असायचं. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं. हळूहळू त्यात गंमत आली. आंधळा कसा मशीन फिरवतो ते साहेब हातवारे करून दाखवायचे. पाहुणे हसायचे. हिंदीत, इंग्रजीत, अरबीत, महिपतीने ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली की अरबीतला 'पेंटर' आणि 'आंधळा' हे शब्द त्याला पाठ झाले. प्रत्येक वेळी तो बाकाच्या मुठीवर हात ठेवून तिथेच उभा असायचा. सुरुवातीला तो मान खाली घालायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आपणही कसनुसं हसतो आहोत. इतर हसतात तेव्हा न हसणारा माणूस डोळ्यांवर येतो, म्हणून. ते लक्षात आलं त्या दिवशी खोलीवर जाऊन त्याने आरशात पाहिलं नाही, तसाच दाढी न करता दोन दिवस कामावर गेला.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी भारतीय शाळेतले काही शिक्षक कुटुंबांसह आले. त्यांत सत्यभामाबाई नावाच्या एक मराठी बाई होत्या. साहेबांनी गोष्ट सांगितली, हातवारे केले, लोक हसले. सत्यभामाबाईंचा मुलगा इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि बाई त्याला "असं बोलू नये" म्हणाल्या. मग मराठी पाटी बघून महिपतीकडे वळल्या.

"तुम्ही मराठी ना? मग सांगा ना, त्या पेंटरचं पुढे काय झालं हो? बिचारा."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हिंदीत नाही, अरबीत नाही. आणि तो घरातल्या भाषेत आला.

"ते गावी गेले," महिपती म्हणाला. "त्यांनी नव्हतं केलं ते, बाई. मी केलं."

बाई गोंधळल्या. दुसऱ्या कुणाला ते कळलंच नव्हतं. अजूनही मागे फिरता आलं असतं. बाई काही बोलल्या नसत्या. महिपतीने बाकाची मूठ सोडली आणि साहेबांकडे गेला.

"साहब, वो जहूरभाई नहीं थे. मशीन मैंने चलाया. वो तो बुखार में पड़े थे. आपने पूछा तब मैंने उनका नाम लिया. और आँख का भी मैंने ही बताया."

एका शिक्षकाने आपल्या बायकोच्या कोपराला हात लावून तिला दाराकडे नेलं. साहेब महिपतीकडे बघत राहिले. त्यांचा हात अजून मशीन फिरवल्यासारखा अर्धवट उचललेला होता. तो त्यांनी पाहिला आणि खाली घेतला.

"कितना लोग को मैंने ये सुनाया," ते म्हणाले. "कितना लोग को." मग आवाज न चढवता म्हणाले, "तुम गाड़ी से उतरो."

महिपती उतरला. शेडबाहेर ऊन होतं. पाहुणे मोटारींपाशी घोळका करून उभे होते आणि तो जवळून जाताना बोलायचे थांबले. हलकं वाटेल अशी त्याची कल्पना होती. तसं काही झालं नाही. आधी फक्त त्याला माहीत होतं, आता सगळ्यांना माहीत झालं, एवढाच फरक पडला.

कंपनीने त्याला काढलं नाही. सुतार मिळत नव्हते. सावंतांनी फोरमनकी काढून घेतली आणि वेस्ट बे भागात, समुद्रात भराव घालून उठत होत्या त्या इमारतींपैकी एकीच्या दारांच्या चौकटी बसवायला पाठवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं, महिपती."

साहेबांनी जहूरभाईंना पत्र पाठवलं, हे त्याला पुढे कळलं. एक नाही, तीन. तिसऱ्याला उत्तर आलं. १९८४च्या जानेवारीत जहूरभाई दोन महिन्यांसाठी आले, कंपनीच्या नाही, साहेबांच्या व्हिसावर, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, जाड भिंगांचा चष्मा. महिपतीला कुणी सांगितलं नव्हतं. साइटवरच्या एका ड्रायव्हरने सांगितलं. तीन शुक्रवार तो गेला नाही. चौथ्या शुक्रवारी गेला.

मल्याळी पेंटरची अक्षरं जहूरभाईंनी काढून टाकली होती. बहुतेक जागा कोरी ठेवली होती, आणि एकाच फळीवर चार भाषांत चार ओळी लिहीत आणल्या होत्या. खाली बारीक अक्षरांत, नवीन लेखन, १९८४. हॉलने तसं सुचवलं होतं, म्हणजे पाहणाऱ्याची फसगत होऊ नये. जहूरभाई गुजराती ओळीवर शेवटचा हात फिरवत होते. महिपती दारात उभा राहिला. आत यावं की नाही हे त्याला कळेना.

"उजेडात उभा राहू नको," जहूरभाई ब्रश न थांबवता म्हणाले.

तो बाजूला झाला. ओळ पुरी झाल्यावर त्यांनी ब्रश थिनरमध्ये ठेवला.

"साहेबांनी सांगितलं मला. तू बोललास म्हणून."

"फार उशीर केला जहूरभाई."

"हां. उशीर केलास." ते चष्मा पुसत होते. "या दोन वर्षांत गावातल्या कुणाकुणाला इथलं कळलं होतं. आमच्याच गावचा एक जण इथं नोकरीला आहे. जहूरनं आंधळेपणी मालकाची गाडी बिघडवली, असं सांगत फिरला. मशिदीत पण. मुनीराला शेवटी तिकडूनच कळलं. ती मला म्हणाली, तुम्ही मला का नाय सांगितलं खरं काय ते." त्यांनी चष्मा लावला. "काय सांगणार होतो? नुसतं माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, असं मला वाटलं. तिच्यावर पण मी विश्वास नाय ठेवला. ते तुझ्यामुळं झालं. ते काय परत येत नाय."

महिपती उभा राहिला. आज पहिल्यांदाच त्याने सबब शोधली नाही.

"आता साहेबांनी कागद लिहून दिलाय," जहूरभाई म्हणाले. "सही करून. मुनीराला दाखवायला. पेंटरची चूक नव्हती म्हणून. तू पण सही कर. मराठीत."

कागद त्यांच्या पिशवीत होता. इंग्रजीत टाइप केलेला, खाली साहेबांची सही. महिपतीने बाकावर कागद ठेवला, पण जागा कुठे करावी ते कळेना. जहूरभाईंनी बोट ठेवून दाखवलं. त्याने सही केली, आणि सहीवर दोन ओळी लिहिल्या. हे काम मी केलं. नाव जहूरभाईंचं सांगितलं. अक्षर नेहमीपेक्षाही वाईट आलं.

जहूरभाईंनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला.

"तुझ्या मुलीकडं काय?" त्यांनी विचारलं.

"मुलगा झाला. दोन महिन्यांचा आहे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि ब्रश उचलून उर्दूच्या ओळीकडे वळले. महिपती थोडा वेळ तिथे थांबला. जा असंही ते म्हणाले नाहीत, बस असंही नाही. मग बाहेर बसची वेळ झाली, तेव्हा तो "येतो" म्हणाला आणि निघाला.